निरीक्षण ते मान्यता : कोयना, किल्लारी आणि गिधाडांचा ऱ्हास यांविषयीच्या संशोधनाचा इतिहास

प्रास्ताविक

विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाचे वर्ष, संशोधकाचे नाव आणि प्रस्थापित झालेला सिद्धान्त यांची नोंद आवर्जून केली जाते. मात्र एखादी घटना प्रथम कोणाच्या लक्षात आली आणि ती शास्त्रीय सत्य म्हणून केव्हा मान्य झाली, या दोहोंमधील काळाचा विचार अभावानेच होतो. वास्तविक हा मधला काळच समाजाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा असतो. या काळात पुरावा अपुरा असतो, तज्ज्ञांमध्ये मतभेद असतात आणि धोका मात्र वाढत असतो. त्याची किंमत बहुधा संशोधनाशी काहीही संबंध नसलेल्या लोकांना मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने तीन प्रकरणांचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. पहिले प्रकरण कोयना येथील १९६७ च्या भूकंपाचे असून त्याचा संबंध भूभौतिकीशी आहे. दुसरे किल्लारी येथील १९९३ च्या भूकंपाचे असून त्यात भूभौतिकीबरोबरच मानसिक आघाताचा अभ्यास अंतर्भूत आहे. तिसरे भारतीय उपखंडातील गिधाडांच्या ऱ्हासाचे, म्हणजे वन्यजीवांच्या आरोग्याचे आहे. वरवर पाहता या तिन्ही विषयांत काहीच साम्य दिसत नाही. विद्यापीठीय रचनेत तर ते तीन वेगवेगळ्या विद्याशाखांत विभागलेले आहेत. तथापि निरीक्षणाचे ज्ञानात आणि ज्ञानाचे नियमात रूपांतर कसे होते, हे तपासू लागल्यास तिन्ही ठिकाणी एकसारखाच क्रम आढळतो. तो क्रम स्पष्ट करणे आणि त्यातून काही निष्कर्ष काढणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. कोयना : स्थिर भूमीचा समज

दख्खनचे पठार हा भारतीय द्वीपकल्पाच्या प्राचीन ढालीचा भाग असून तो भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानले जात होते. हिमालयाच्या पायथ्याशी मोठे भूकंप होतात आणि दक्षिणेत ते होत नाहीत, ही धारणा पाठ्यपुस्तकांपासून अभियांत्रिकी संकेतांपर्यंत सर्वत्र रुजलेली होती. भारतीय मानक संस्थेने १९६२ आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूकंपप्रवणतेच्या नकाशांवरही या धारणेचा प्रभाव होता. सातारा जिल्ह्यातील कोयना नदीवरील सुमारे १०३ मीटर उंचीच्या धरणाची आखणी याच पार्श्वभूमीवर झाली. भूकंपाचा विचार त्यात अजिबात नव्हता असे नाही. तत्कालीन प्रथेप्रमाणे ०.०५ इतका भूकंप गुणांक गृहीत धरण्यात आला होता.

१९६२ च्या सुमारास शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि त्याबरोबर परिसरात लहान धक्के व जमिनीतून येणारे आवाज जाणवू लागले. धक्क्यांचे प्रमाण वाढल्याने पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पासून धरण परिसरात भूकंपमापनाची व्यवस्था केली. म्हणजेच जलाशय भरणे आणि धक्के बसणे यांचा काहीतरी संबंध असावा, ही शंका मोठ्या भूकंपाच्या चार वर्षे आधीच यंत्रणेपर्यंत पोहोचली होती. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगर वसाहतीतील बहुसंख्य घरे कोसळली.

धरण टिकले, परंतु त्याच्या वरच्या भागात, जेथे काटछेदाचा उतार बदलतो तेथे, दोन्ही बाजूंना भेगा पडल्या. धरणात बसविलेल्या त्वरणमापकाने गुरुत्वीय त्वरणाच्या ६३ टक्क्यांपर्यंतचे त्वरण नोंदविले. गृहीत धरलेल्या गुणांकाशी ही नोंद ताडून पाहिली असता आखणीची पद्धतच अपुरी होती हे उघड झाले. पुढील काळात काँक्रीटच्या धरणांचे गतिकीय विश्लेषण करणाऱ्या संशोधकांनी जगभर कोयनेची ही नोंद वापरली. धरणाला मागाहून आधारभिंती देऊन बळकटी देण्यात आली.

भूकंपाच्या कारणाबाबत मात्र बराच काळ मतभेद होते. हा केवळ भूगर्भातील नैसर्गिक हालचालींचा परिणाम असून धरणाशी त्याचा संबंध जोडणे गैर आहे, असे एक मत होते. जलाशयामुळेच भूकंप झाला, असे दुसरे मत होते. या वादाला तुलनात्मक अभ्यासाने दिशा मिळाली. अमेरिकेतील हूव्हर धरणाच्या मीड सरोवरात पाणी साठल्यानंतर धक्के वाढल्याचे डीन कार्डर यांनी १९४५ मध्येच मांडले होते. त्यानंतर चीनमधील शिनफेंगजियांग येथे १९६२ मध्ये, आफ्रिकेतील करिबा येथे १९६३ मध्ये आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे १९६६ मध्ये जलाशयांच्या परिसरात सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी १९७२ मध्ये अशा जलाशयांशी निगडित भूकंपांची समान वैशिष्ट्ये मांडली. मुख्य धक्क्यापूर्वी दीर्घकाळ लहान धक्के येत राहणे, मुख्य धक्का आणि सर्वांत मोठा पश्चात्धक्का यांच्या तीव्रतेतील फरक कमी असणे, तसेच पश्चात्धक्क्यांचे प्रमाण सावकाश घटणे ही ती वैशिष्ट्ये होत. पाणीपातळी वाढण्याचा वेग, पातळीची कमाल मर्यादा आणि ती पातळी टिकून राहण्याचा कालावधी यांच्याशी भूकंपांचा संबंध असल्याचे पुढील अभ्यासांतून अधिकाधिक स्पष्ट होत गेले.

या संबंधामागील प्रक्रियेचे आकलन एका वेगळ्याच घटनेतून सुलभ झाले. अमेरिकेतील डेन्व्हर शहराजवळ लष्करी कारखान्याचे सांडपाणी १९६२ पासून सुमारे ३,६७१ मीटर खोल विहिरीत दाबाने सोडले जात होते. त्यानंतर तेथे धक्के बसू लागले. ही प्रक्रिया १९६६ मध्ये थांबविण्यात आली. खडकांच्या सूक्ष्म छिद्रांतील पाण्याचा दाब वाढला की प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींशी जखडून ठेवणारे बल कमी होते आणि आधीच ताणाखाली असलेला भंग सरकतो, हे यातून स्पष्ट झाले. जलाशयाच्या वजनामुळे पडणारा भार आणि भेगांतून खोलवर झिरपणारे पाणी यांचा परिणाम याच स्वरूपाचा असतो. जलाशय स्वतः भूकंपाची ऊर्जा निर्माण करीत नाही. ती ऊर्जा खडकात आधीच साठलेली असते आणि जलाशय तिला वाट करून देतो. म्हणूनच पुढे ‘प्रेरित भूकंप’ या संज्ञेऐवजी ‘जलाशयामुळे चालना मिळालेला भूकंप’ अशी अधिक काटेकोर संज्ञा रूढ झाली. या दृष्टीने पाहता सुरुवातीच्या वादातील दोन्ही मतांत सत्याचा अंश होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कोयना परिसरात त्यानंतरही धक्के थांबले नाहीत. दक्षिणेकडील वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर भूकंपक्षेत्राचा विस्तार त्या दिशेने झाला. या सातत्यामुळेच हा परिसर भूकंपाच्या अभ्यासाची नैसर्गिक प्रयोगशाळा ठरला. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि २०१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक वेधन पूर्ण झाले. तेथे बेसाल्टचा थर सुमारे १,२४७ मीटर जाडीचा असून त्याखाली ग्रॅनाइटी खडक असल्याचे दिसून आले. ज्या खडकांविषयी पन्नास वर्षे केवळ अनुमानाने बोलले जात होते, ते खडक यामुळे प्रत्यक्ष अभ्यासास उपलब्ध झाले.

२. किल्लारी : नकाशाबाहेरचा भूकंप

कोयनेच्या अनुभवानंतर १९७० मध्ये भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारण्यात आला. त्यातील ‘शून्य’ विभाग रद्द झाला आणि कोयना परिसराचा समावेश चौथ्या विभागात करण्यात आला. परंतु या दुरुस्तीतून घेतलेला धडा मर्यादित होता. कोयना हा जलाशयामुळे निर्माण झालेला अपवाद समजला गेला आणि उर्वरित पठाराविषयीची मूळ धारणा फारशी बदलली नाही. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांचा सीमाभाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला.

१९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी आणि परिसरात धक्के जाणवू लागले. ऑक्टोबर १९९२ मधील धक्क्याने काही घरांचे नुकसानही झाले. पुढे धक्क्यांचे प्रमाण कमी झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. अधिकृत आकडेवारीनुसार मृतांची संख्या ७,९२८ इतकी होती आणि सुमारे १६,००० लोक जखमी झाले. काही अंदाजांनुसार मृतांची संख्या याहून बरीच अधिक होती.

कोयना आणि किल्लारी या दोन भूकंपांची तीव्रता जवळपास सारखीच होती. मनुष्यहानी मात्र किल्लारी येथे कितीतरी पटींनी अधिक झाली. या तफावतीचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत आणि वस्तीच्या दाटीत शोधावे लागते. मराठवाड्यातील माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहणारी आणि स्थानिक साहित्यात बांधता येणारी आहेत. परंतु मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि लाकडी खणांवर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा जड थर यांमुळे ती भूकंपात अत्यंत घातक ठरली. भिंतींच्या आतील व बाहेरील थरांना जोडणारे लांब दगड नसल्याने भिंती फुगून फुटल्या आणि झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला व भिंती तेवढ्या ढासळल्या. भूकंपाचे केंद्र उथळ असल्याने जमिनीचे हादरे तीव्र होते, हे खरे. तथापि घर हाच मृत्यूचे प्रत्यक्ष कारण ठरला, हे या भूकंपाविषयीच्या अभियांत्रिकी अभ्यासाचे सार होय.

भूभौतिकीच्या दृष्टीनेही किल्लारीने अनेक प्रश्न उभे केले. येथे केलेल्या वेधनात बेसाल्टचा थर केवळ ३३८ मीटर जाडीचा असल्याचे व त्याखाली प्राचीन खडक असल्याचे आढळले. जमिनीच्या पृष्ठभागावर भंगाची रेषा उमटली होती. ही रेषा जुन्या भंगाची पुनर्जागृती दर्शविते की नवीन भंगाची निर्मिती, याविषयी संशोधकांत मतभेद झाले. जवळच्या निम्न तेरणा जलाशयाचा भूकंपाशी संबंध जोडण्याचा प्रयत्नही काही संशोधकांनी केला. मात्र कोयनेप्रमाणे दीर्घकालीन व सुसंगत पुरावा येथे मिळाला नाही. प्राचीन आणि स्थिर मानल्या गेलेल्या भूभागातही दीर्घ कालांतराने विनाशकारी भूकंप होऊ शकतो, ही गोष्ट मात्र निर्विवादपणे मान्य झाली. २००२ मध्ये नकाशा पुन्हा बदलण्यात आला. पहिला विभाग रद्द झाला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशातील ही दुसरी महत्त्वाची दुरुस्तीही भूकंपानंतरच झाली, ही बाब येथे लक्षणीय आहे.

३. आघाताचा अभ्यास : घरापलीकडचे पुनर्वसन

आपत्तीनंतरच्या मानसिक परिणामांचा वैद्यकीय अभ्यास बराच जुना आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ एडुआर्ड स्टिअर्लिन यांनी इटलीतील मेसिना येथील १९०८ च्या भूकंपातून वाचलेल्या लोकांचा अभ्यास केला होता. झोपेचे विकार व भयस्वप्ने यांचे मोठे प्रमाण त्यांनी नोंदविले. पहिल्या महायुद्धात सैनिकांमध्ये आढळलेल्या अशाच लक्षणांची चर्चा १९१५ पासून वैद्यकीय नियतकालिकांत होऊ लागली. तरीही ‘आघातोत्तर तणाव विकृती’ या निदानाला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळण्यास १९८० साल उजाडले. मेसिना ते १९८० हा सात दशकांहून अधिक काळ म्हणजे निरीक्षण आणि मान्यता यांतील अंतराचे एक ठळक उदाहरण होय. दरम्यानच्या काळात अशा लक्षणांना दुबळेपणा, ढोंग किंवा भरपाई मिळविण्याची युक्ती समजण्याची प्रवृत्ती प्रबळ होती.

भारतात या अभ्यासाला खऱ्या अर्थाने चालना मिळाली ती १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर. मनोविकारतज्ज्ञांची संख्या अत्यल्प असल्याने १९८५ मध्ये तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण देण्यात आले. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेचे आर. श्रीनिवास मूर्ती यांचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते. किल्लारीनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात पुढाकार होता. आपत्तीच्या मानसिक परिणामांचा ग्रामीण महाराष्ट्रातील पद्धतशीर अभ्यास म्हणून या कार्याचे मोल मोठे आहे.

ग्रामीण समाजातील आघाताचा विचार करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट भाषेची आहे. मनाच्या दुःखासाठी वैद्यकशास्त्राने घडविलेल्या संज्ञा सामान्य माणसाच्या बोलण्यात नसतात. छातीत धडधडणे, अंगातील बळ जाणे, झोप न लागणे, आवाजाने दचकणे अशा शारीरिक तक्रारींच्या रूपाने ते दुःख दवाखान्यात येते. ऐकणारा वैद्य सावध नसेल तर त्यावर शक्तिवर्धक औषध देऊन रुग्णाला परत पाठविले जाते. दुसरी गोष्ट भूभौतिकीशी निगडित आहे. मुख्य भूकंपानंतर दीर्घकाळ येत राहणारे पश्चात्धक्के आघाताची जखम भरू देत नाहीत. ‘पुन्हा भूकंप होईल काय?’ हा प्रश्न भूकंपशास्त्रज्ञाच्या दृष्टीने संभाव्यतेचा असतो, परंतु छताखाली झोपण्यास न धजावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो रोजच्या जगण्याचा असतो. त्यामुळे शास्त्रज्ञाने दिलेले स्पष्ट आणि संयमी उत्तर हाही मानसिक उपचाराचाच भाग ठरतो. अफवा आणि निराधार भाकिते यांचे दुष्परिणामही याच दृष्टीने पाहावयास हवेत.

किल्लारीच्या पुनर्वसनाचा इतिहासही आघाताच्या अभ्यासाशी जोडलेला आहे. जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे स्थलांतर झाले. नवी घरे भूकंपरोधक होती, परंतु सरळ रस्त्यांच्या चौकोनी आराखड्यात गल्ली, वाडा, ओटा आणि पार यांभोवती विणलेले शेजारसंबंध पूर्वीप्रमाणे राहिले नाहीत. ज्या गावांत स्थलांतराऐवजी जुन्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले, तेथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने स्थानिक महिला संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याजवळील वाघोली येथे आणून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. ज्ञान प्रबोधिनीने हराळी येथे शैक्षणिक कार्य उभारले. या प्रयत्नांना ‘मानसोपचार’ असे नाव कोणी दिले नव्हते. तरीही दिनक्रम पूर्ववत होणे, शाळा सुरू होणे आणि निर्णयात सहभाग मिळणे या गोष्टी मन सावरण्यास साहाय्यभूत ठरतात, हे आज आघातविषयक मार्गदर्शनाचे एक मूलतत्त्व मानले जाते.

उलटपक्षी, शास्त्रीय म्हणून स्वीकारलेला प्रत्येक उपाय गुणकारी ठरला असेही नाही. दुर्घटनेनंतर लगेच प्रत्येकाला एकाच बैठकीत आपला अनुभव सविस्तर कथन करावयास लावण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून जगभर लोकप्रिय झाली होती. नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर या पद्धतीने विकृतीला प्रतिबंध होत नाही, असे शतकाच्या प्रारंभी आढळून आले. त्यानंतर सुरक्षितता, दिलासा, प्राथमिक गरजांची पूर्तता आणि ज्यांना आवश्यकता असेल त्यांच्यासाठी पुढील उपचार, असा क्रम स्वीकारण्यात आला. २००१ चा गुजरातमधील भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांच्या अनुभवानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये मनोसामाजिक आधार व मानसिक आरोग्य सेवांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

४. गिधाडांचा ऱ्हास : औषधाचा अनपेक्षित मार्ग

१९८० च्या दशकात भारतात गिधाडे इतकी विपुल होती की त्यांची गणना करण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही. गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याच्या जागी गिधाडांचे थवे दिसणे ही नित्याची बाब होती. राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी घरट्यांची मोजणी केली होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी १९८७-८८ मध्ये ३५३ होती. १९९६-९७ मध्ये ती १५० वर आली. झाडांवर माना टाकून बसलेले आणि मरून पडलेले पक्षी त्यांना दिसत होते. हे निरीक्षण १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणांतून १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या संख्येत ९९.९ टक्के, तर लांब व निमुळत्या चोचीच्या गिधाडांच्या संख्येत सुमारे ९७ टक्के घट झाल्याचे निष्पन्न झाले.

कारणाचा शोध सहजासहजी लागला नाही. कीटकनाशके, अन्नाचा तुटवडा आणि संसर्गजन्य रोग अशा अनेक शक्यता विचारात घेण्यात आल्या. ऱ्हासाचा वेग आणि व्याप्ती पाहता एखादा विषाणू पसरत असावा, हे अनुमान २००३ पर्यंत बलवत्तर होते. सडलेले मांस पचविणारा पक्षी विषबाधेने मरणार नाही, या समजाचाही त्यावर परिणाम झाला असावा. मृत पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर आढळत होता. हे मूत्रपिंड निकामी झाल्याचे लक्षण होय.

पाकिस्तानातील पंजाब प्रांतात काम करणारे लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी येथून पुढे वेगळा मार्ग स्वीकारला. रोगजंतू व ज्ञात विषे यांचा माग लागत नाही असे दिसल्यावर त्यांनी पशुवैद्यक आणि जनावरांची औषधे विकणारे दुकानदार यांच्याकडे चौकशी केली. मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकेल आणि गुराढोरांना सर्रास दिले जात असेल असे औषध कोणते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे नाव पुढे आले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत त्याचे अंश सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकाही गिधाडात ते नव्हते. औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातलेली गिधाडे त्याच लक्षणांनी मेली. २००४ च्या प्रारंभी हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारत व नेपाळमधील मृत गिधाडांतही तोच पुरावा मिळाला. एका मृत जनावरावर अनेक गिधाडे तुटून पडत असल्याने एक टक्क्याहून कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, हे गणिती प्रतिरूपांनी दाखवून दिले.

या प्रकरणात पुढील पावले तुलनेने त्वरेने पडली. मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांनी सिद्ध झाले. भारताने मे २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणण्याचे पाऊल उचलले आणि २००८ मध्ये ती राजपत्राद्वारे पक्की केली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये त्यांच्या आकारावर मर्यादा घालण्यात आली. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस पशुवापरापुरती बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात गिधाडांचे प्रजनन यशस्वी झाले. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील चिरगाव परिसरात स्थानिक कार्यकर्त्यांनी संवर्धनाचे काम नेटाने चालविले आहे.

गिधाडे नाहीशी झाल्याचे परिणाम मानवी समाजावरही झाले. मुंबईतील डुंगरवाडी येथे पारशी समाजाच्या अंत्यविधीची शतकानुशतके चालत आलेली व्यवस्था कोलमडली आणि सौरऊर्जेच्या साधनांचा आधार घ्यावा लागला. गावोगावी मृत जनावरे कुजत राहिली, पाणी दूषित झाले आणि भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांच्या अर्थशास्त्रीय अभ्यासात २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावामुळे सुमारे पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाल्याचा अंदाज मांडण्यात आला आहे. हा अंदाज सांख्यिकीय स्वरूपाचा असला तरी वन्यजीवांचे आरोग्य आणि मानवी आरोग्य यांची फारकत करता येत नाही, हे त्यातून ठळकपणे दिसते.

५. तुलनात्मक विवेचन

उपरोक्त प्रकरणांत काही समान धागे आढळतात. प्रथम, प्रत्येक ठिकाणी एक दृढ धारणा पुराव्याच्या आड उभी होती. पठार स्थिर आहे, आघात म्हणजे शरीराची इजा, आणि गिधाड काहीही पचवू शकते, या त्या धारणा होत. दुसरे असे की, प्रारंभिक निरीक्षण घटनास्थळाजवळ असणाऱ्यांनी केले होते. हादऱ्यांची जाणीव प्रथम गावकऱ्यांना झाली आणि घरट्यांची घट वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी मोजणी करणाऱ्याला दिसली. तिसरे म्हणजे, उत्तर ज्या विद्याशाखेत शोधले जात होते तिच्या सीमेपलीकडे ते सापडले. धरण अभियंत्यांचा प्रश्न खडकातील पाण्याच्या दाबाने उलगडला, पक्षिशास्त्राचा प्रश्न औषधाच्या दुकानात सुटला आणि मानसिक आरोग्याचा एक महत्त्वाचा भाग शाळा व घरबांधणी यांत सापडला.

मात्र या इतिहासातून एकतर्फी निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. झालेला प्रत्येक विलंब हलगर्जीपणामुळे होता असे म्हणता येत नाही. लहान धक्क्यांच्या मालिकेनंतर मोठा भूकंप होतोच असे नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची दीर्घ मालिका अनुभवास आली, परंतु तिची परिणती किल्लारीसारख्या भूकंपात झाली नाही. १९९२ मध्ये किल्लारी येथे काय घडणार आहे, हे त्या वेळच्या ज्ञानाच्या आधारे कोणासही सांगता आले नसते. गिधाडांच्या बाबतीत विषाणूची शंकाही तर्कसंगतच होती.

खरा प्रश्न भाकिताचा नसून तयारीचा आहे. भूकंप केव्हा होईल हे सांगता न आल्याने भिंतीत बांधीव दगड घालण्यास किंवा माळवदावरील मातीचा भार कमी करण्यास काही अडचण येत नव्हती. हे उपाय स्वस्त होते, गवंड्याला शिकविता येण्याजोगे होते आणि भूकंप झाला नसता तरी त्यांतून नुकसान झाले नसते. नव्या औषधाचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वी मृत जनावरे खाणाऱ्या पक्ष्यांवर त्याचा परिणाम तपासणे हेही याच स्वरूपाचे होते. पूर्ण पुरावा येईपर्यंत काहीच न करणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचेही परिणाम होतात, ही जाणीव या तिन्ही प्रकरणांत उशिरा आली.

निष्कर्ष

१) कोयना, किल्लारी आणि गिधाडे या तिन्ही प्रकरणांत निरीक्षण आधी, आपत्ती नंतर आणि नियम सर्वांत शेवटी असा क्रम आढळतो. १९७० व २००२ चे भूकंप नकाशे, २००६ ची औषधबंदी आणि २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे ही त्याची उदाहरणे होत.

२) एखाद्या घटनेला ‘अपवाद’ ठरविल्याने तिच्यातून मिळणारा धडा संकुचित होतो. कोयनेला अपवाद मानल्याने उर्वरित पठाराच्या सुरक्षिततेचा फेरविचार किल्लारीपर्यंत लांबला.

३) आधारभूत नोंदी असल्याखेरीज बदल ओळखता येत नाही. भरतपूर येथील १९८७-८८ ची मोजणी उपलब्ध नसती तर ऱ्हासाचे मोजमाप करणे दुरापास्त झाले असते.

४) आंतरविद्याशाखीय अभ्यासाची गरज अभ्यासक्रमाच्या रचनेतून नव्हे, तर प्रत्यक्ष प्रश्नांच्या स्वरूपातून निर्माण होते.

५) नैसर्गिक घटनेचे भाकीत शक्य नसतानाही हानी कमी करणारे, अल्प खर्चाचे उपाय योजता येतात. संशोधनाच्या सामाजिक उपयुक्ततेचा विचार करताना याच निकषाला अग्रक्रम देणे उचित ठरेल.

ग्रामीण व निमशहरी भागांतील महाविद्यालयांना या इतिहासात विशेष अर्थ आहे. पर्जन्य, विहिरींची पाणीपातळी, पक्ष्यांची संख्या, घरबांधणीच्या पद्धती आणि जाणवलेले धक्के यांच्या नोंदी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी ठेवण्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा सातत्याची आवश्यकता अधिक असते. भूगोल, प्राणिशास्त्र, मानसशास्त्र आणि इतिहास हे विभाग बहुधा एकाच इमारतीत असतात. त्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या गेल्यास निरीक्षण आणि मान्यता यांमधील अंतर काही अंशी तरी कमी होऊ शकेल.